शेवटचा पॉइंट

१

लोकांच्या घरी कामाला गेल्यावर टेस्टर आधी चपला काढायचा, मग पाणी मागायचा आणि मग घरातल्या विजेची बदनामी शांतपणे ऐकून घ्यायचा. मिक्सर गुरगुरतो पण फिरत नाही, फ्रिज सुरू झाला की दिवा मान टाकतो, आमच्या घराला काहीतरी लागलंय. लागलंय म्हटलं की त्याला हसू यायचं. सत्तावीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला घराला काही लागत नसतं, सांधा सैल असतो, एवढं कळलेलं असतं. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तेवढं आठवत असेल. खिशाला कायम टेस्टर लावलेला असायचा, म्हणून सगळे त्याला टेस्टर म्हणत.

समजावून सांगायची मात्र त्याला भारी हौस. भिंतीला टेकून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच धडा द्यायचा.

"वीज म्हणजे पाणी समजा. बोर्डावर टाकी, वायर म्हणजे पाइप. पाइप बारीक आणि लांब असला की शेवटच्या नळाला धार कमी. कधी? नळ उघडला तर. नळ बंद असेल तर पाइप बोटाएवढा असू दे नाहीतर काडीएवढा, दाब टाकीइतकाच राहणार. लोड नाही, तर ड्रॉप नाही. ओढणारं कुणी नसेल, तर दाब पडत नाही. एवढं पाठ करा, आयुष्यात कुठला वायरमन तुम्हाला फसवणार नाही."

लोक मान डोलवायचे आणि तो निघाला की विसरायचे. तो स्वतः कधी विसरेल असं कुणाला वाटलं नसतं. पण विसरला, आणि तेही नेमका ताईच्या घरी.

२

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा टेस्टर सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालणं, त्याचा डबा भरणं, शाळेत मार खाऊन आला की दुसऱ्या दिवशी जाऊन त्या मुलाचा कान पिरगाळणं, सगळं तिनेच केलं. शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी ती त्याला 'छोट्या' म्हणायची, चार माणसांत सुद्धा.

तिचा नवरा, दाजी, सात महिन्यांपूर्वी गेला. गोदामात पोती मोजता मोजता बसला तो उठलाच नाही. माणूस अबोल, पण हात चालते. घरातली सगळी वायरिंग त्याने स्वतः केली होती. पंधरा वर्षांपूर्वी ते या घरात राहायला आले, तेव्हा टेस्टर हौसेने हत्यारांची पिशवी घेऊन गेला होता. दाजीने दारातच सांगितलं, "चहा घे, जेवून जा. वायरिंगला हात लावायचा नाही." पाहुण्यांसमोर सांगितलं. टेस्टर हसला, चहा प्यायला, आणि तो घोट पंधरा वर्षं त्याच्या घशात अडकून राहिला.

म्हणून ताईचा फोन आला, "छोट्या, स्वयंपाकघरात मिक्सर ओढतच नाही रे, मशीन कपडे पिळताना मध्येच बसतं," तेव्हा त्याला काळजीपेक्षा आनंद जास्त झाला. खोटं कशाला बोला.

"इतकी वर्षं का नाही बोललीस?"

"ते होते ना. म्हणायचे, चालतंय तेवढं चालू दे."

"रविवारी येतो."

घर म्हणजे आगगाडीचा डबा. पुढे हॉल, मग ताईची खोली, मग सासूबाईंची, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे कपडे धुण्याची चिंचोळी खोली. सगळी दारं एका रेषेत, त्यामुळे हॉलमधल्या बोर्डाशी उभं राहिलं की थेट मागची भिंत दिसायची.

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला होता, तो म्हणजे "राहू".

"जेवण आणलं की राहू, अंग पुसायला गेलं की राहू," ताई सांगत होती. "'राहू दे' म्हणायचंय त्यांना. 'दे' कुठेतरी पडलाय." ती हसली, तोही हसला. सासूबाई दोघांकडे बघत होत्या. बघण्यात काही कमी नव्हतं.

टेस्टरने घरातले सगळे प्लग काढायला लावले. फ्रिज, मशीन, मिक्सर, ओव्हन, सगळं. दिवे, पंखे बंद. मग पिशवीतून मीटर काढला. बोर्डावर दोनशे एकोणतीस. स्वयंपाकघरात दोनशेच्याही खाली, एकशे चौऱ्याण्णव.

"पस्तीस व्होल्ट वाटेत गळतायत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं. "तुझ्या नवऱ्याने कसली वायर घातलीय ते बघू."

३

सासूबाईंच्या खोलीवर माळा होता. तिथे जुन्या गाद्यांच्या मागे त्याला ते सापडलं.

बोर्डाकडून येणारी वायर चांगली होती, जाड. पुढे स्वयंपाकघराकडे जाणारीही जाड. पण मधोमध, काही कारण नसताना, दाजीने एक एमएमच्या बारीक वायरची दोन अख्खी बंडलं जोडली होती. नव्वद नव्वद मीटरची, सुतळीने नीट बांधलेली, खाली लाकडी फळी, वर एक जुना टॉवेल. चार हातांच्या अंतरासाठी वीज एकशे ऐंशी मीटर गरगर फिरून येत होती.

टेस्टर माळ्यावर बसून पोटभर हसला.

"ताई, ये बघायला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. हे बघ तुझं व्होल्टेज इथे वेटोळं घालून बसलंय. शाळेतलं पोर असं करणार नाही."

"असेल काही कारण," ताई खालून म्हणाली. "दर रविवारी वर जायचे ते. हात लावून बघायचे."

"कशाला?"

"कोण जाणे. गरम किती आहे ते बघत असतील."

टेस्टरने बंडलावर हात ठेवला. गरम होतं, तापलेल्या लेकराच्या कपाळासारखं. माळ्यावर पत्रा आहे, ऊन आहे, तो मनाशी म्हणाला. सकाळचे साडेनऊ झाले होते.

खाली सासूबाई ओरडायला लागल्या. "राहू. राहू. राहू." डाव्या हाताने त्या पलंगाच्या दांडीवर वाटी आपटत होत्या. ताईने वाटी काढून घेतली, तशी त्यांनी दांडीवर मूठ आपटायला सुरुवात केली.

"मावशी, लेकाची कारागिरी मोडतोय म्हणून राग आला होय?" टेस्टर वरून म्हणाला. "अहो, मेल्या माणसाचा मान राखायचा तर जित्या माणसाचा मिक्सर बंद पडतो."

त्याने मेन बंद केला, बंडलं कापली आणि चार हातांची जाड वायर सरळ जोडून टाकली. दोन सांधे, वर टेप, दहा मिनिटांचं काम. मेन चालू केला. स्वयंपाकघरात दोनशे सव्वीस.

तेवढ्यात मागच्या खोलीत कपड्यांच्या मशीनचा पिंप फिरल्याचा आवाज आला. एकच वळसा, जड, ओले कपडे आत असावेत तसा. मग थांबला.

मशीनचा प्लग मागच्या खोलीत फरशीवर पडलेला होता. टेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. माळ्यावरून उतरताना भिंत हादरली असेल, तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.

सासूबाईंनी मूठ आपटणं थांबवलं होतं. निघताना तो त्यांना "येतो मावशी" म्हणाला, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

४

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. मिक्सर कसा पळतो, फ्रिज कसा गप्प झाला, दिवे कसे लखलखतात. तिसऱ्या दिवशीही आला, पण त्या दिवशी ती थकलेली वाटली. मागच्या भिंतीची ओल वाढलीय, आत काहीतरी घासल्यासारखं वाजतंय, उंदीर असेल, मशीन सरकवून बघते, म्हणाली. त्यानंतर पाच-सहा दिवस फोन नाही. मग एकदम आला आणि आवाज असा की टेस्टरला क्षणभर ती पंचवीस वर्षांची वाटली.

"अगं, ते उंदराचं काय झालं?"

"कुठला उंदीर?" ती हसली. "सगळं छान आहे."

बाराव्या दिवशी तो वायरच्या दुकानात बसला होता. दुकानदार जुना, सत्तरीचा, गल्ल्यामागे बसून बोलण्यापेक्षा ऐकणारा. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून टेस्टरने दाजीची गोष्ट रंगवून सांगितली. एकशे ऐंशी मीटर. सुतळी. टॉवेल. दोन प्लंबर उभे होते तेही हसले.

दुकानदार हसला नाही. "पस्तीस व्होल्ट पडत होते म्हणालास?"

"पस्तीस."

"आणि प्लग सगळे काढलेले?"

"सगळे. मी स्वतः बघितले."

"मग लोड कुणाचा होता?"

टेस्टरने गल्ल्यावरचा वायरचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला. दोघे प्लंबर त्याच्याकडे पाहत होते.

"भिंतीला ओल आहे," तो म्हणाला. "ओल्या भिंतीत थोडा करंट जिरतो."

"पस्तीस व्होल्ट पाडण्याइतका ओल्या भिंतीत जिरत नाही," दुकानदार म्हणाला. "एकशे ऐंशी मीटर बारीक वायर म्हणजे, काय, तीन-साडेतीन ओहम. दहा अँपिअर तरी कुणीतरी ओढत होतं. तुझा दाजी ते अडवत होता म्हण ना." मग त्याला वाटलं आपण फार बोललो. "चहा सांगू?"

"नको," टेस्टर म्हणाला.

 नळ बंद होते आणि पाणी वाहत होतं, आणि तो हसण्यात इतका दंग होता की कुठे वाहतंय हे त्याने विचारलंच नाही. धडा त्याचाच होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला तो ताईकडे पोचला. या वेळी पिशवीत क्लॅम्प मीटर होता. वायर तोडावी लागत नाही, तिला चिमट्यासारखी कवळी घातली की किती करंट वाहतोय ते कळतं.

दार ताईने उघडलं. तिचा रंग उजळला होता. गुडघे दुखतात म्हणून चार महिने भिंत धरून चालणारी बाई ताडताड चालत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बोलत राहिली. शेजारणीचं भांडण, दूधवाल्याची नवी सून, कसलं तरी लग्न. टेस्टरला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तो चपला काढायच्या आधीच हसला.

आत जाताना तिने त्याच्या गालाला हात लावला होता. हात गरम होता. ताप नाही, कोरडा गरम, ओव्हनच्या पाठीसारखा.

सासूबाईंच्या पलंगाशी तो थांबला. "काय मावशी?"

त्या काही बोलल्या नाहीत. तो एक शब्दही नाही. त्यांचा पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणला होता, आणि डावा हात चादरीने पलंगाला बांधलेला होता.

"हे काय गं?"

"रात्रभर भिंत खरवडतात," ताई आतून म्हणाली. "नखं तुटली. मी तरी काय करू?"

ती मिक्सर लावून काहीतरी वाटायला लागली. मिक्सर फिरला, दिवा जरासा मंदावला, आणि तिचं बोलणंही. "मीऽऽ तऽरीऽ काऽय..." खोल विहिरीतून यावा तसा आवाज. मिक्सर थांबला तशी ती भराभर पुढे बोलली, "...काय करू सांग, माणूस एकटं पडलं की असंच."

टेस्टर तिच्या पाठीकडे बघत राहिला. मिक्सरच्या आवाजात माणूस आवाज ओढूनच बोलतं, त्याने स्वतःला सांगितलं. आपणही ओढतो.

"ताई, सगळे प्लग काढ परत. एकदा बघून घेतो."

"परत कशाला? उत्तम चाललंय."

"काढ तरी."

तिने काढले, दिवेही बंद केले. त्याने एक-एक तपासला. मग बोर्डाशी येऊन स्वयंपाकघराच्या वायरला कवळी घातली. अँपिअरचा आकडा थोडा हलला आणि ठरला. साडेतेरा. गीझर आणि इस्त्री एकदम लावावी इतका.

त्याने कवळी काढली, मीटर तळव्यावर आपटला, परत घातली. साडेतेरा. दिव्यांच्या वायरला घातली, शून्य. मीटर खोटा बोलत नव्हता. मागच्या बाजूला कुणीतरी नळ पुरा उघडून बसलं होतं.

६

"मेन बंद करतोय गं," तो म्हणाला.

"चहात साखर एक घेतोस की—"

खटका खाली पडला आणि वाक्य तिथेच राहिलं.

टेस्टर वाट बघत राहिला. एका रेषेतल्या तीन दारांमधून त्याला ती दिसत होती. गॅसशी पाठमोरी उभी, उजव्या हातात साखरेचा चमचा, चमचा कपाच्या वर. भांड्यातून वाफ येत होती. बाहेर कुणाची तरी सायकल वाजली. चमचा जरा कलला होता आणि त्यातून साखर दाणा दाणा खाली पडत होती, कपात नाही, ओट्यावर. चमचा रिकामा झाला. हात तसाच.

त्याने खटका वर केला.

"—दोन?" ताई म्हणाली. रिकामा चमचा तिने कपात बुडवला आणि ढवळला.

"दोन," टेस्टर म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

माणूस विचारात असलं की थांबतं. बोलता बोलता शब्द विसरतं. वय आहे. त्याने ही तिन्ही कारणं ओळीने मांडली, हत्यारं मांडावीत तशी, आणि त्यातलं एकही हातात घ्यावंसं वाटेना.

"आणि तुझी बायको काय म्हणते? तिचं ते दाढेचं—"

त्याने खटका पाडला. ती थांबली. या वेळी अर्धी वळलेली होती. एक डोळा दिसत होता, उघडा. त्याने मनात आकडे मोजले. वीसला तिचा जबडा खाली आला. पस्तीसला मान एका बाजूला गेली. चाळीसला गुडघे वाकायला लागले, हळूहळू, पोतं भिंतीवरून घसरावं तसे. आणि अलीकडच्या खोलीतून, बारा दिवसांत पहिल्यांदा, सासूबाई हसल्या. हसल्यासारखं काहीतरी, घशातलं. त्यांना वाटलं असेल, याला कळलं. आता हा वर करणार नाही.

टेस्टरने खटका वर केला.

"—दुखणं थांबलं का?" ताई सरळ झाली. काही सांडलं असेल म्हणून इकडेतिकडे बघावं तसं तिने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. "छोट्या, लाइट गेली होती का रे?"

"नाही."

"मला वाटलं. मला एकदम कसंतरी झालं."

सासूबाईंचा आवाज बंद झाला होता.

७

"शेवटचा पॉइंट बघतो," तो म्हणाला. "मागच्या खोलीत."

"बघ. मशीन तेवढं सरकवू नको, कपडे भिजत घातलेत."

मागच्या खोलीला वर एक जाळी होती, तिच्यातून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी येत होतं. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे आलेलं होतं. कुणीतरी ते सरकवलं होतं आणि परत मागे लोटलं नव्हतं. भिंत कोरडी होती. ओलीचा डाग होता त्या जागी नवा गिलावा असावा तशी चकचकीत.

टेस्टरने दिवा लावला आणि मशीनच्या बाजूने डोकं आत घातलं.

भिंतीत गुडघ्याच्या थोडा वर जुना स्विचचा डबा होता. तीन इंच बाय तीन इंच. त्याची पट्टी काढून खाली पडलेली. खाली फरशीवर दोन टाचा होत्या.

टाचांना भेगा होत्या आणि भेगांत पांढरं मलम भरलेलं होतं. ताई रोज झोपताना भरायची, लहानपणी त्याच्याकडून भरून घ्यायची. टाचा त्याच्याकडे, बोटं भिंतीकडे. टाचांवर तिच्या निळ्या गाऊनची कड होती आणि ती कड वर, डब्याच्या दिशेने, चुणी पडून ओढली गेली होती. त्याच्या वर त्याने बघितलं नाही. वर बघण्यासारखं काही उरलं होतं की नाही, हे त्याला ठरवायचं नव्हतं.

खोलीतला दिवा किंचित मंदावला. गाऊनची कड बोटभर वर सरकली आणि थांबली. दिवा परत उजळला.

थोड्या वेळाने परत दिवा मंदावला. परत बोटभर.

त्याने डोकं बाहेर काढलं. ताई दारात उभी होती, हातात चहाचा कप.

"दिसलं?"

"काय?"

"ओल रे. वाळली बघ सगळी."

"हो," टेस्टर म्हणाला. "वाळली."

त्याने खाली बघितलं. ती अनवाणी होती. तिच्या टाचा तान्ह्या मुलासारख्या गुळगुळीत, गुलाबी होत्या.

८

चहात साखर नव्हती. तो तसाच प्यायला. ती समोर बसून त्याच्याकडे बघत होती, लहानपणी तो जेवत असताना बघायची तशीच, हनुवटी तळव्यावर ठेवून. मध्ये एकदा तिने हात लांब करून त्याच्या कपाळावरचं जळमट झटकलं. त्या गरम हाताखाली त्याला रडू आलं.

"त्या बटणाशी खेळू नको रे परत," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

"नाही खेळत."

"आई गेली तेव्हा तू किती रडला होतास. आठवतं? तीन दिवस माझं बोट सोडलं नव्हतंस."

त्याला आठवत होतं. हॉलमधला खटका इथून दिसत होता. उठायचं, बारा पावलं चालायचं, खाली पाडायचा आणि घराबाहेर जाऊन बसायचं. साठपर्यंत मोजायचं, शंभरपर्यंत मोजायचं. मग आत कोण पडलेलं असेल ते त्यालाच उचलावं लागलं असतं. दोनदा उचलावं लागलं असतं. आणि बंडलं कुणी कापली, हे तेव्हा कुणाला सांगायची गरज उरली नसती.

तो उठला नाही.

"एक काम करशील?" ताई म्हणाली. "सासूबाईंच्या खोलीत एक पॉइंट काढून दे. उशाशी."

"तिथे कशाला?"

"त्यांचे हाल बघवत नाहीत मला. अशा पडून राहण्यात काय आहे? मला बघ किती बरं वाटतंय. त्याही उठतील, चालतील, बोलायला लागतील धडाधड. दोघी असलो की मलाही सोबत होईल."

टेस्टरने कप खाली ठेवला. तो नीट विचार करून हे करत होता असं नाही, आणि विचार न करता करत होता असंही म्हणता यायचं नाही. म्हातारीचं तसं उरलंच काय होतं, असं त्याच्या मनात आलं. चालत्याबोलत्या होतील, असंही आलं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी मुकाट्याने बसली.

"किती वेळ लागेल?" ताईने विचारलं.

"तासभर."

त्याने पलंग परत भिंतीशी लोटला. सासूबाईंनी चादरीतून हात सोडवून घेतला आणि त्याचं मनगट पकडलं. अर्ध्या अंगाच्या बाईच्या मानाने पकड फार घट्ट होती. नखं खरंच तुटलेली होती. त्या ओठ हलवत होत्या, तो एक शब्द जुळवायला बघत होत्या, पण तोही आता येत नव्हता. टेस्टरने त्यांची बोटं एक एक करून सोडवली, हळूच, दुखू नये अशी, आणि हात परत बांधला. जरा सैलच बांधला.

मग उशीपासून वीतभर अंतरावर पेन्सिलने चौकोन आखला. तीन इंच बाय तीन इंच.

"बारीक वायर घालू नको हं," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नाही. चार एमएमची घालतोय."

त्याने पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढला. गिलाव्याची धूळ डोळ्यांत जाईल म्हणून सासूबाईंच्या तोंडावर एक स्वच्छ टॉवेल टाकला, कडा सारख्या केल्या, आणि पहिला घाव घातला.